मान्यवर येईपर्यंत

लोणावळ्याच्या घाटमाथा चित्रपट आणि संगीत महोत्सवाची पत्रिका दर वर्षी नव्या रंगात छापली जाते, पण तिच्यातली एक ओळ सहा वर्षांत बदललेली नाही. 'दुपारी चार ते मान्यवर येईपर्यंत : स्थानिक लोककला.' म्हणजे पाहुणा वाटेत आहे तोवर गा, वाजवा, नाचा. त्याच्या गाडीचं दार वाजलं की गप्प बसा. चहा उकळेपर्यंत पोराच्या हातात खुळखुळा द्यावा, तशी ही लोककला. अरुंधतीला ती ओळ पाठ होती, कारण सहाही वर्षं ती माइकवरून तिनंच वाचली होती.

अरुंधती तळेगावातल्या एका शाळेत संगीत शिकवते. वय अठ्ठेचाळीस, गळा अजून चांगला आणि स्वतः लिहून चाली लावलेली तीसेक गाणी एका निळ्या वहीत. महोत्सवाचा संयोजक धवल पहिल्या वर्षी तिला म्हणाला होता की मॅडम, सूत्रसंचालन करा, ओळखी होतील. ओळखी झाल्या. मंडपवाल्याशी झाल्या, साउंडवाल्याशी झाल्या, हारवाला तर आता घरी गणपतीला येतो. गाणं मात्र वहीतच राहिलं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. कधी वीज गेली, कधी पाहुण्याचं विमान, कधी नुसतंच 'पुढच्या वर्षी नक्की'. नवरा श्रीपाद आंबीच्या कारखान्यात कामाला, तो आताशा काही बोलत नाही. सकाळी फक्त विचारतो, डबा नेतेस की तिथं जेवण आहे?

या वर्षी मात्र पत्रिकेत चक्क तिचं नाव होतं. मुंबईचा एक संगीतकार प्रमुख पाहुणा म्हणून यायचा होता. नव्या मराठी चित्रपटासाठी तो नव्या चाली शोधतोय, असं धवलनंच सांगितलं होतं. सत्कार आणि भाषणं झाली की 'स्थानिक संगीतकार : आठ मिनिटं'. चार-चार मिनिटांची दोन गाणी. अरुंधतीनं महिनाभर घड्याळ लावून तालीम केली. या वयात आपण हे काय चालवलंय, असं मधेच वाटायचं. पण आशा मेली चिवट असते, ती काही सुटत नाही.

आणि याच वर्षी शालूबाई पुन्हा यायची होती.

शालूबाई पवनानगरच्या वरच्या ठाकरवाडीची. पासष्टीची, अंगानं काटकुळी, पण आवाज असा की माइकवाल्यानं पहिल्यांदा ऐकताच कानावरचा हेडफोन काढून ठेवला. ती गाते ते खळ्यावरचं गाणं. भाताची रास लागली की सुरू करायचं, रास मापून होईपर्यंत म्हणायचं. वीस मिनिटं तरी लागतात. मागच्या वर्षी ती वाडीतल्याच चिंगीला आणि आणखी दोघींना साथीला घेऊन आली, गाणं अर्ध्यावर आलं आणि पाहुणे आले. धवलनं हात हलवला, अरुंधतीनं गोड आवाजात 'धन्यवाद, धन्यवाद' म्हणून टाळ्या मागितल्या, साउंडवाल्यानं माइक बंद केला. चौघी बायका तोंड उघडं ठेवून उभ्या राहिल्या. मग कुणीतरी त्यांना खाली आणलं आणि वड्याची पुडी दिली.

नोव्हेंबरात वाडीवर अवकाळी आला. खळ्यावर आलेलं भात भिजलं. शालूबाईनं गाणं अर्ध्यात टाकलं म्हणूनच हे झालं, असं वाडी म्हणाली आणि ते तिला उठता-बसता ऐकून घ्यावं लागत होतं. हे अरुंधतीला कळलं ते डिसेंबरात, बसनं पवनानगरला उतरून वाडी चढून गेल्यावर. ती माफी मागायला गेली होती. शालूबाईला माफीचं फारसं काही नव्हतं. तिनं पाणी दिलं, बसायला गोधडी टाकली आणि मग म्हणाली, "जितं सोडलं तितंच पुरं करायचं, बाई. दुसरीकडं म्हनून चालत न्हाई. तुमी यकदा उभं करा, पुरं झालं की आमी निगालो." अरुंधतीनं शब्द दिला. देताना सोपा वाटला.

महोत्सवाच्या रविवारी तिनं सगळं मोजून बांधलं होतं. पाहुणा साडेपाचला, गाणं चारला. पण समईत घालायला तेल नव्हतं. तेल आणायला गेलेला स्वयंसेवक विक्की पर्यटकांच्या गर्दीत अडकला, आणि सरस्वतीच्या फोटोपुढे दिवा लागल्याशिवाय शुभारंभ कसा करायचा? शालूबाई उभी राहिली तेव्हा चार वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. आणि सहा वर्षांत एकही पाहुणा वेळेवर आला नव्हता, पण हा धवलच्याच रिसॉर्टवर उतरला असल्यानं कंटाळून पावणेपाचच्या आधीच दारात हजर झाला.

गाण्याची आठ मिनिटं उरली होती. गाणं कसं संपतं, ते शालूबाईनं वाडीवर अरुंधतीला सांगून ठेवलं होतं. चिंगीनं शेवटचा भाग धरला, की रास मापायची, की संपलं. सभागृहाच्या दारात ढोलवाले टिपरू उचलून थांबले होते, ओवाळायला आलेल्या सारिकाच्या ताटातलं निरांजन वाऱ्यानं विझू पाहत होतं. धवलनं विंगेतून हात हलवला. मग दोन्ही हात हलवले. मग नुसत्या ओठांनी म्हणाला, मॅडम, थांबवा.

तिच्या हातात दुसरा माइक होता. एक 'धन्यवाद' पुरला असता. पाहुणा दारात ताटकळला तर तिच्या आठ मिनिटांचं काय होईल, हे तिला धवलपेक्षा चांगलं कळत होतं. सहा वर्षं ती या वेळापत्रकाची हमालीच करत होती. तिनं समोरच्या कागदात मान घातली आणि वर पाहिलंच नाही. यात धाडस वगैरे काही नव्हतं. लोकांना थांबवून थांबवून ती थकली होती, आणि शालूबाईचं उघडं तोंड तिला पुन्हा बघायचं नव्हतं.

शालूबाईनं गाणं पुरं केलं. शेवटी वाकून स्टेजच्या लाकडाला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि टाळ्यांची वाट न बघता चौघी उतरल्या. ढोल कडाडले. पाहुणा तोवर मागच्या खुर्चीवर बसून फोन बघत होता; त्याला कुणी थांबवलंय याची बिचाऱ्याला कल्पनाही नसावी.

मग सत्कार झाला. प्रायोजक बोलले, प्रायोजकांचे बंधू बोलले. पाहुण्यानं मावळच्या हवेचं कौतुक केलं आणि नव्या लोकांनी पुढे यावं, असं सांगितलं. सात वाजायला आले तेव्हा धवलनं अरुंधतीच्या हातात चिठ्ठी ठेवली. तो रागावलेला नव्हता, घामाघूम झाला होता. "मॅडम, पाहुणे निघतायत. तुमची आठ मिनिटं तिकडं गेली. मी खुणावत होतो ना?" एवढं म्हणून तो हार शोधायला धावला.

चिठ्ठी तिनं नेहमीच्या स्वच्छ आवाजात वाचली. वेळेअभावी स्थानिक संगीतकार हे सत्र रद्द करण्यात येत आहे, रसिकांनी कृपया नोंद घ्यावी. नाव वाचायची गरज पडली नाही. रसिक जेवणाच्या रांगेकडे निघालेच होते.

शालूबाईची जीप कामशेतवरून पवनानगरला जायची होती. कामशेतला उतरून तळेगावची गाडी पकडू, म्हणून अरुंधतीही तिच्यात बसली. रविवारचा जुना हायवे. पुण्या-मुंबईचे लोक चिक्कीचे डबे मांडीवर घेऊन आपापल्या गाड्यांत अडकलेले, आणि जीप त्यांच्यात. अर्धा तास झाला तरी बाजार सुटला नव्हता. चिंगी आणि त्या दोघी एकमेकींवर मान टाकून झोपल्या. शालूबाई जागी होती. वर्षाचं ओझं उतरल्यासारखी ती मोकळी बसली होती.

"बाई, कागदात तुमचंबी नाव हाय असं तो पोरगा म्हनत व्हता," ती म्हणाली. "तुमचं कवा झालं?"

अरुंधतीनं सांगितलं की झालं नाही, वेळ संपली. का संपली ते सांगितलं नाही. शालूबाईनं पुढच्या गाडीच्या लाल दिव्यांकडे पाहिलं. तिला कळायचं ते कळलं असावं.

"मग आता म्हना."

अरुंधतीनं नको नको म्हटलं. घसा बसलाय, दमलेय, ड्रायव्हर हसेल. पण शालूबाई बाजूला वळून बसली होती, हात मांडीवर ठेवून, आणि तसं नीट बसून तिचं ऐकायला महोत्सवात सहा वर्षांत कुणी बसलं नव्हतं. तिनं म्हटलं. वहीतलं पहिलंच गाणं, बाविसाव्या वर्षी केलेलं, मावळातल्या एका वर्षाचं. भाताच्या आवणीच्या चिखलापासून सुरू होतं आणि वैशाखात वाळलेल्या ओढ्यापाशी संपतं. पेट्रोलच्या वासात, हॉर्नच्या कलकलाटात तिनं ते शेवटपर्यंत नेलं. बरोबर चार मिनिटं. ड्रायव्हर हसला नाही, त्यानं रेडिओ बंदच ठेवला.

शालूबाईनं मान हलवली. ग्वाड हाय, म्हणाली. मग म्हणाली, "पावसाचं झालं, उन्हाचं झालं. मदलं कुटं गेलं? भात तर तवाच घरात येतं."

मधलं होतं. हिवाळ्याचं एक अख्खं कडवं होतं, आणि ते बाकी दोन्हींपेक्षा चांगलं होतं, हे अरुंधतीला पक्कं आठवत होतं. एका स्पर्धेत चार मिनिटांची अट होती म्हणून तिनं ते वगळलं होतं. मग सगळीकडे चारच मिनिटं मिळत गेली, कुठं तीही नाही. निळ्या वहीत गाणी उतरवली तेव्हा हे गाणं चार मिनिटांचंच उतरवलं. तिनं मनात चाल धरली, 'मार्गशीर्षाच्या' असा एक शब्द हाताला लागला आणि त्याच्यापुढे काही येईना. पुन्हा पहिल्यापासून म्हणून पाहिलं. पुन्हा तिथंच अडलं.

"मावशी, मला ते आठवत नाही," ती म्हणाली, आणि दिवसभर न आलेलं रडू तिला आता आलं.

शालूबाईनं तिला गप्प केलं नाही. पदरानं काचेवरची वाफ पुसली, बाहेर पाहिलं. गाड्या होत्या तिथंच होत्या.

"आठवा," ती म्हणाली. "आमी हितंच हाय."