दाखल न झालेलं वकीलपत्र

मी वकीलपत्र बोलतोय. हिरवट जाड कागदावर छापलेला एक साधा फॉर्म. उदगीरच्या कोर्टाबाहेर सिद्धराम तिकीटवाल्याच्या टेबलावर माझ्यासारखे शेकडो फॉर्म गठ्ठ्यानं पडलेले असतात आणि वाऱ्यानं उडू नयेत म्हणून तो वर दगड ठेवतो.

आमचं आयुष्य तसं सरळ असतं. पक्षकार आमच्यावर सही करतो, वकील खाली ‘स्वीकारलं’ म्हणून सही करतो, कोर्ट फीचं तिकीट डकवलं जातं आणि आम्ही कोर्टाच्या फाईलमध्ये जाऊन बसतो. सही करणारा माणूस आमच्यामार्फत एवढंच म्हणतो, की माझ्या वतीनं तुम्ही बोला. त्यानंतर तो स्वतः बोलायचं थांबतो. हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. माझ्याही तेव्हा आलं नव्हतं.

मला अण्णाराव वकिलांनी विकत घेतलं ते एप्रिलमध्ये. त्यांच्यासमोर जळकोटजवळच्या एका खेड्यातली केवळाबाई बसली होती. तिचा मुलगा भागवत जळकोट-उदगीर जीप चालवायचा. स्टँडवर प्रवासी भरण्यावरून दोन गाड्यांच्या माणसांत मारामारी झाली. कोणीतरी जॅकचा लोखंडी दांडा हाणला आणि समोरचा ड्रायव्हर एका डोळ्यानं कायमचा अधू झाला. दांडा भागवतनं मारला, असं कोर्टानं मानलं आणि सात वर्षांची शिक्षा दिली. मारणारा दुसराच होता, असं भागवत पहिल्या दिवसापासून सांगत होता. खरं काय ते मला माहीत नाही. ते वरच्या कोर्टानं पुन्हा तपासावं, यासाठीच तर मला संभाजीनगरला हायकोर्टात जायचं होतं. अपिलाला मुदत होती साठ दिवसांची.

आधी मी नांदेडला गेलो. भागवत तिथल्या तुरुंगात होता. त्यानं माझ्यावर सावकाश सही केली, शाळेत काढतात तशी एकेक अक्षर सुटं काढून. अधिकाऱ्यानं शेजारी ‘माझ्यासमक्ष सही केली’ असं लिहून तारीख घातली आणि गोल शिक्का मारला. तिथल्या कारकुनानं भागवतला विचारलं, की तुरुंगातूनच अपील पाठवायचं का, सरकारतर्फे वकील फुकट मिळतो. भागवत म्हणाला, नको, आमचा वकील हाय.

ती फुकटची वाट त्यानं माझ्या भरवशावर सोडली.

उदगीरला परतल्यावर अण्णारावांनी माझ्यावर आपली सही केली आणि निकालाच्या नकलेसोबत मला पिवळ्या फाईलमध्ये ठेवलं. दोन दिवसांत हायकोर्टातल्या त्यांच्या मित्राकडे मला पाठवायचं होतं. पण घरात मुलीच्या लग्नाची गडबड होती. मग पाहुणे आले, मग दुसरा एक मोठा खटला उभा राहिला. फाईल टेबलावरून खिडकीत गेली आणि खिडकीतून लोखंडी कपाटात.

एका दुपारी कसलातरी कागद शोधताना त्यांच्या हाती मी लागलो. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, बोटांवर दिवस मोजले आणि खाली बसले. मुदत संपून सव्वीस दिवस झाले होते.

अण्णाराव वाईट माणूस होते असं मी म्हणणार नाही. वकिलांच्या बाररूममध्ये कोणाची अडचण असली की ते आधी धावायचे. त्या दिवशीही त्यांनी कोरा कागद घेतला आणि लिहायला सुरुवात केली, की उशीर पक्षकाराचा नसून माझ्या दुर्लक्षामुळे झाला आहे. एवढं लिहून दिलं असतं तर कोर्टानं सव्वीस दिवस सहज माफ केले असते. दोन ओळी झाल्या. मग त्यांनी तो कागद चार वेळा फाडला आणि मला कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवलं.

त्या आठवड्यात केवळाबाई आली. काय झालं, म्हणून तिनं विचारलं.

“अपील दाखल झालंय,” अण्णाराव म्हणाले. “आता तारीख पडेल.”

कपाटाच्या पत्र्याआडून मी ऐकत होतो. विसरणं ही चूक होती. हे वाक्य चूक नव्हतं, ते जाणूनबुजून सांगितलेलं खोटं होतं.

त्यानंतर तारखा पडू लागल्या. कधी जज रजेवर, कधी कोर्टाला सुटी, कधी सरकारी वकिलानं मुदत मागितली. प्रत्येक वेळी काहीतरी नवं सांगायला लागायचं आणि हळूहळू अण्णारावांना ते सहज जमायला लागलं. केवळाबाई महिन्या-दोन महिन्यांनी एसटीनं यायची, बाकावर बसायची, बोलावलं की आत यायची. शेतात साजऱ्या होणाऱ्या वेळ अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी ती डाळी-भाज्यांची भज्जी आणि ताकातली आंबील घेऊन यायची. अण्णाराव तिच्यासमोर आंबील प्यायचे आणि चांगली झालीय म्हणायचे. इथून जे ऐकायची तेच ती नांदेडला जाऊन जाळीपलीकडच्या मुलाला सांगायची. भागवत दिवस मोजायचा.

दुसऱ्या वर्षी भागवतचे वडील रामकिशन गेले. त्यानंतर आली तेव्हा केवळाबाईनं एवढंच विचारलं, की निकाल जवळ आलाय का, कारण म्हातारा शेवटपर्यंत तेच विचारत होता. अण्णाराव म्हणाले, आता जवळच आहे. ती गेल्यावर ते उठून कपाटाजवळ आले. मला वाटलं, आता तरी कपाट उघडतील. त्यांनी पुढच्या पक्षकाराला आत बोलावलं.

कागदाला ओरडता येत नाही. साडेतीन वर्षं माझ्या अंगावर एका माणसाची सही होती आणि ती कोणाला दाखवता येत नव्हती.

चौथ्या वर्षी ऑक्टोबरमध्ये, दिवाळीआधी ऑफिसला रंग द्यायचं ठरलं. कपाट रिकामं करायचं काम अण्णारावांची ज्युनिअर तनुजा करत होती. ती देगलूरची. तीन वर्षांपासून त्यांच्या हाताखाली होती आणि केवळाबाईला बाकावर बसलेली तिनं कितीदा पाहिलं होतं. तिनं पिवळी फाईल उघडली, मला वाचलं, शिक्क्यावरची तारीख वाचली. मग फोनवर हायकोर्टाच्या साइटवर भागवतचं नाव टाकलं. काही आलं नाही. नावाचं स्पेलिंग बदलून पुन्हा टाकलं. तरीही काही नाही.

अण्णाराव आल्यावर तिनं मला त्यांच्यापुढे ठेवलं. ते चिडले नाहीत. थकलेल्या आवाजात त्यांनी सांगितलं, की तो आता अर्धीअधिक शिक्षा भोगून बसलाय, आत्ता हे बाहेर काढून कोणाचंच भलं होणार नाही.

“फाडून टाक ते,” ते म्हणाले.

“सर, तुम्ही प्रतिज्ञापत्र द्या, की उशीर तुमच्यामुळे झाला. त्याचं अपील अजून घेतील.”

“आणि माझी वकिलीची सनद?”

 तनुजानं मला प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातलं, टेबलावर ऑफिसची किल्ली ठेवली आणि बाहेर पडली. त्या संध्याकाळी तिच्या वडिलांना तीन फोन आले. पोरीला समजावा, असं त्यांना सांगण्यात आलं.

चार दिवसांनी केवळाबाई नेहमीसारखी तारीख विचारायला आली. तनुजानं तिला कोर्टाच्या फाटकातच गाठलं आणि चहाच्या हॉटेलात मागच्या बाकावर बसवलं. मग मला तिच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही मऊही केलं नाही.

केवळाबाईला वाचता येत नव्हतं. ती मुलाच्या सहीवरून बोट फिरवत राहिली.

“मंजे केस वर गेलीच न्हाई?”

“नाही, मावशी.”

“मंग मी त्याला काय सांगून राहिले इतकी वरसं?” ती म्हणाली. मला टेबलावर ठेवत पुन्हा म्हणाली, “माझ्याच तोंडानं सांगितलं की गं मी त्याला.”

ती रडली नाही. खोटं दुसऱ्याचं होतं, पण मुलापर्यंत ते तिनं पोहोचवलं होतं, आणि तिचा जीव त्यातच अडकला होता.

दोघी नांदेडला गेल्या. तनुजानं नवं वकीलपत्र आणलं होतं. हायकोर्टातल्या दीपमाला वकिलांनी केस घ्यायचं कबूल केलं होतं. भागवतनं जाळीपलीकडून सगळं ऐकून घेतलं. मला ओळखलंही. पण नवी सही करायला तो नाही म्हणाला.

“राह्यलेली भोगतो मी. आता कुण्या कागदावर सही न्हाई करत. माय, तू बी खेपा घालू नको.”

तनुजानं सगळं समजावून पाहिलं. तो हात मागं घेऊन उभा राहिला. वेळ संपली आणि त्या परतल्या. परतीच्या एसटीत तनुजाच्या पिशवीत मी आणि ते कोरं वकीलपत्र एकमेकांना चिकटून होतो. त्या कोऱ्या कागदाची भीती मला कळत होती. त्याच्याकडे बघून भागवतला मीच दिसलो होतो.

पुढच्या भेटीतही तो नाहीच म्हणाला. तिसऱ्या वेळी केवळाबाई एकटी आत गेली. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. बाहेर आली तेव्हा तिनं सांगितलं, की तो सही करतोय, पण एक अट हाय. त्याच्या मायला कुण्या तारखेला बोलवायचं न्हाई. जे झालं ते वकिलानं घरी येऊन सांगायचं.

तनुजानं ते मान्य केलं.

अपिलाबरोबर उशीर माफ करण्याचा अर्ज गेला. कोर्टानं खुलासा मागितल्यावर अण्णारावांनी लेखी उत्तर पाठवलं, की ही केस आपण कधी घेतलीच नव्हती. मग दीपमाला वकिलांनी मला पुढे केलं. ज्या इमारतीत जाण्यासाठी मी जन्मलो होतो, तिथं मी असा पोहोचलो. न्यायमूर्तींनी तुरुंगाचा शिक्का बघितला, अण्णारावांची सही बघितली आणि मला परत दिलं. नक्कल ठेवून घेतली. उशीर माफ झाला.

माफ झाला तो भागवतला. जणू उशीर त्यानंच केला होता.

जामीन मात्र मिळाला नाही. दुखापत गंभीर आहे, एका माणसाचा डोळा गेलाय, असं कोर्टानं म्हटलं. तेही खोटं नव्हतं. अपील रांगेत लागलंय. पुढे जुनी अपिलं पुष्कळ आहेत. चांगल्या वागणुकीसाठी तुरुंगात मिळणारे माफीचे दिवस धरले तर भागवतची शिक्षा पुढच्या वर्षी संपते. अपिलाचा नंबर त्याआधी लागेल असं कोणी सांगत नाही.

वकिलांच्या बार कौन्सिलकडे अण्णारावांविरुद्ध तक्रार गेलीय. चौकशी चालू आहे, म्हणून मी अजून तनुजाच्या पिशवीत आहे. तिला आता उदगीरला बसायला कोणी जागा देत नाही. ती लातूरला एका लहानशा खोलीत काम करते. जुने सहकारी समोर आले की फोन कानाला लावतात. अण्णारावांची प्रॅक्टिस चालू आहे.

प्रत्येक तारखेनंतर तनुजा जळकोटची गाडी धरते. परवा गेलो तेव्हा केवळाबाई दारात तुरी पाखडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि विचारलं, “बाई, पोरगा समदी भोगून घरी आला, आन् मंग कोर्ट म्हणालं की यानं केलंच न्हवतं. तर काय देतेत?”

तनुजाजवळ सांगण्यासारखं पुष्कळ होतं. नाव स्वच्छ होईल, न्याय मिळाला असं होईल. मला वाटलं, ती त्यातलं काहीतरी सांगेल.

“वर्षं परत नाही देत, मावशी,” ती म्हणाली. “बहुतेक काहीच नाही देत.”

केवळाबाईनं मान हलवली आणि तिला बसायला पोतं टाकलं.

वाचणाऱ्यांनो, मी आता कोणाच्याच उपयोगाचा उरलेलो नाही. चौकशी संपली की कुठल्यातरी रॅकवर जाईन. त्याआधी एक मागणं आहे. तुम्ही कधी माझ्यासारख्या कागदावर सही केलीत तर चार दिवसांनी जाऊन केसचा नंबर मागा. त्यात संकोच करू नका, त्यानं वकिलाचा अपमान होत नाही. आणि काळा कोट घालणाऱ्यांनो, मुदत तुमच्याही हातून चुकेल, माणसं आहात. चुकली, तर त्याच दिवशी समोरच्याला सांगा. तो चिडेल, ओरडेल, फाईल घेऊन दुसरीकडे जाईल. जाऊ द्या. निदान त्याला जायला वेळ असेल.