बूच ज्याच्या खिशात

“अय्या, भाऊजी, भेग कुठे गेली?”

धाकट्या भावाच्या बायकोने होडीच्या उजव्या कुशीवरून हात फिरवला आणि हरवलेलं कानातलं शोधावं तसा पुन्हा एकदा फिरवला. मिस्त्री शेजारीच रेझिनचा रिकामा डबा पालथा घालून बसला होता. सात आठवड्यांत त्याच्या कामाकडे कोणी इतकं निरखून पाहिलं नव्हतं, त्यामुळे तो चक्क लाजला.

“बुजवली,” तो म्हणाला. “आता शोधूनही सापडायची नाही.”

“पण आम्हाला ती हवी होती ना!”

मिस्त्रीला वाटलं, ही चेष्टा करते आहे. काही माणसं कौतुक करताना असं उलटं बोलतात, हे तो ऐकून होता. तो हसण्याच्या तयारीत असतानाच तिने फोन पुढे केला. फोनमध्ये एक होडी होती. तिच्या पोटात बर्फ भरला होता, बर्फात बाटल्या खोचल्या होत्या आणि टोकावर कलिंगडाचं कासव करून बसवलं होतं.

“जेवणाच्या हॉलमध्ये, अगदी मधोमध,” ती म्हणाली. “लोकांना असं जुनं, खरंखुरं काहीतरी आवडतं. भेग असती तर किती छान दिसलं असतं! आता पेंटरकडून काढून घ्यावी लागणार.”

“काय काढून घ्यावी लागणार?”

“भेग. काढतो तो. हुबेहूब.”

धाकटा भाव खात ट्रेलरच्या चाकांना लाथा मारत उभा होता. टायरमधली हवा तपासण्याची ही पद्धत गाडीमालकांमध्ये फार लोकप्रिय आहे. बायकोचा नाराज सूर ऐकून तो समजूत घालायला आला. “अगं, जाऊ दे ना. ती बाजू तशीही कापायचीच आहे. वेटरचा हात पोचत नाही.”

मिस्त्री डब्यावरून उठला नाही. उठला असता तर हातात ग्राइंडर आला असता.

होडी वडिलांची. चार-पाच माणसं बसतील एवढी, फायबरची, जुनी. वडील तिच्यातून लोकांना पलीकडच्या काठाला नेत आणि आणत. होडीच्या बुडाला मागच्या बाजूला एक भोक असतं. होडी बाहेर काढली की आतलं पाणी तिथून सोडून द्यायचं आणि पुन्हा लोटण्याआधी आट्यांचं पितळी बूच फिरवून ते बंद करायचं. वडील हे बूच होडीत कधीच ठेवत नसत. ते खिशात असे आणि घरी आले की खुंटीला. “बूच ज्याच्या खिशात, होडी त्याची,” असं ते म्हणत, आणि दोघा भावांनी लहानपणी जेवढी भांडणं केली, त्यातली निम्मी या अंगठ्याएवढ्या पितळेवरून केली. एकदा तर धाकट्याने ते गालात लपवलं आणि दोन तास मुका झाल्याचं सोंग केलं. आईने डॉक्टरला बोलावलं होतं.

अकरा वर्षांपूर्वी धाकट्याने मित्रांसाठी होडी ट्रेलरवर घालून नेली. परत येताना मागचे पट्टे बांधायचा कंटाळा केला. पुढे विंचचा, म्हणजे होडी वर ओढायच्या रहाटाचा, पट्टा आहे की, असा त्याचा हिशेब. पहिल्याच मोठ्या वळणावर होडी ट्रेलर सोडून रस्त्यावर आली आणि उजव्या कुशीवर काही अंतर घसरत गेली. वडील एक अक्षर बोलले नाहीत. होडी शेडमध्ये पालथी घातली गेली. पुढच्या वर्षी वडील गेले. मिस्त्रीने खुंटीवरचं बूच काढून आपल्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं.

धंदा त्याचा फुटक्या होड्यांचाच. या अकरा वर्षांत त्याने लोकांच्या शंभरेक होड्या धडधाकट केल्या, पण त्या पालथ्या होडीला बोट लावलं नाही. ज्याने फोडली त्याने येऊन म्हणावं, “दादा, एवढी नीट कर,” एवढीच त्याची अट होती. ती त्याने कोणाला सांगितली नव्हती, ही वेगळी गोष्ट.

मग दोन महिन्यांपूर्वी फोन आला. “दादा, बाबांची होडी न्यायची म्हणतो. रिसॉर्टवर. तळ्याकाठी ठेवीन.” मिस्त्रीने त्यात जे नव्हतं तेही ऐकलं. फोन ठेवून तो सरळ शेडमध्ये गेला.

“त्यांना विचारलंत का, नेऊन करणार काय?” त्याची बायको म्हणाली.

“होडीचं माणूस काय करतं?”

“तुमच्या भावाचं काही सांगू नका. स्वतःच्या सासूच्या शिवणयंत्राचं टेबल केलंय त्यांनी. ती बाई अजून शिवत होती.”

मिस्त्रीने लक्ष दिलं नाही. दिसते तेवढीच भेग कधी नसते. त्याने नाण्याने सगळं बूड ठोकून पाहिलं. निरोगी जागी टण वाजतं, आतून सुटलेल्या जागी भद्द. दीड हात भेगेभोवती चार हात भद्द निघालं. तिथे त्याने पेन्सिलने गोल केले आणि गोलाच्या आतलं सगळं घासून काढलं. आतली फळी ओली होती. ती बल्ब लावून नऊ दिवस वाळवली. भोकाचे काठ लांबवर उतरते केले, कारण उभ्या काठाला चिकटवलेलं ठिगळ म्हणजे भांडणानंतरचं हसू, पहिल्या लाटेला सुटतं. मग काचेच्या कापडाचे एकावर एक अकरा थर. काचेची पूड मानेत, कोपरात, पापण्यांत. बायकोने त्याचे कपडे घरच्या कपड्यांत टाकायला बंदी केली आणि नंतर त्यालाही. सात आठवडे तो ओसरीवर झोपला आणि खाजवत राहिला. सुखाने खाजवत राहिला, हे विशेष.

आणि आता कलिंगडाचं कासव.

“तू म्हणालास, तळ्याकाठी ठेवणार.”

“तळ्याकाठीच आहे की हॉल. काचेतून तळं दिसतं.”

“होडीला?”

“गिऱ्हाइकांना, दादा.” धाकटा समजूतदारपणे हसला. रिसॉर्ट चालवायला लागल्यापासून तो सगळ्यांशीच असा हसत असे. “तू एवढी मेहनत घेशील हे मला कुठे माहीत? मी म्हटलं होतं का?”

“नाही म्हणालास.”

“मग?”

“म्हणायला पाहिजे होतंस! अकरा वर्षांपूर्वी म्हणायला पाहिजे होतंस!” मिस्त्रीचा आवाज पत्र्यावर आपटून परत आला. “फोडलीस तू. बाबा तसेच गेले. एकदा येऊन बघितलंस का, जगली की मेली? आणि आता आलास ते बर्फ भरायला?”

“आणि तू काय केलंस रे?” आता धाकट्याचं हसू गेलं आणि आतून घरचा, ओळखीचा माणूस बाहेर आला. “अकरा वर्षं पालथी घालून ठेवलीस. वर सिमेंटच्या गोण्या रचल्या होत्यास, मी पाहिलंय. इथलाच मिस्त्री तू, दुसऱ्यांच्या होड्या जोडतोस! मी निदान दहा माणसांना दाखवतोय तरी.”

यातलं निम्मं खरं होतं, आणि मिस्त्रीला खोट्यापेक्षा निम्म्या खऱ्याचा राग जास्त येई.

“माझा अर्धा भाग मी देत नाही.”

“कुठला अर्धा? कापायचा तो?”

मिस्त्रीची बायको चहाचे कप घेऊन शेडच्या दारात आली होती. ती तशीच मागे वळली आणि तिने कप बाहेर कट्ट्यावर ठेवले. फुटण्यासारख्या वस्तू आत नेण्याची ही वेळ नव्हती.

मग धाकटा हळू आवाजात म्हणाला, “दादा, हॉल तिच्या मापाने बांधलाय. येत्या आठवड्यात उघडायचाय.”

मिस्त्री उठला. “ने. पण ट्रेलरवर चढवायची पाण्यातून.”

“कशाला? चार माणसं बोलावतो, उचलून ठेवतील.”

“उचललेल्या जुन्या होडीचा कणा मोडतो. पाण्यातून चढवणार असशील तर मी हात लावतो. नाहीतर तू, तुझी चार माणसं आणि तुझं कासव.”

हे पूर्ण खरं नव्हतं. चार माणसांनी नीट उचलली असती तर होडीला काही होणार नव्हतं.

शेडसमोरून उतार सरळ पाण्यात जात होता. त्याने पत्र्याच्या डब्यातून बूच काढलं, आट्यांना ग्रीस लावलं, घट्ट फिरवलं आणि हातगाड्यावरून होडी पाण्यात सोडली. अकरा वर्षांनी ती तरंगली. किंचितही कलली नाही. तो आत उतरला, गुडघ्यांवर बसला आणि ठिगळाच्या जागी आतून तळहात टेकवला. पलीकडून पाणी थपथपत होतं. हात कोरडा राहिला. पाच मिनिटं तो तसाच बसून होता. काम तपासायला एवढी लागत नाहीत.

“भाऊजी, इकडे बघा ना! व्हिडिओ काढतेय,” उतारावरून धाकट्याची बायको ओरडली. “हसा जरा!”

मिस्त्रीने तिच्याकडे पाहिलं. तिने व्हिडिओ बंद केला.

मग धाकटा गाडी मागे घेऊ लागला. ट्रेलर जायचा तिकडे सोडून सगळीकडे जात होता.

“स्टिअरिंग खालून धर! खालून! ट्रेलर ज्या अंगाला न्यायचा त्या अंगाला हात ने. हळू! हॉलमध्ये वाढपी पळवतोस तसा पळवू नकोस!”

“ओरडू नकोस, दादा, मी काय लहान आहे?”

“लहान होतास तेव्हा ऐकायचास!”

चौथ्या खेपेला ट्रेलर सरळ आला. “बस्स! आणखी खोल नको. खोल गेला की होडी वर तरंगत राहते आणि बाहेर काढताना वाकडी बसते.” मिस्त्रीने होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेला, विंचचा हूक लावला आणि दांडा फिरवत होडी रोलरवर घेतली. वेगळी साखळीही अडकवली. गाडी चढावर आली. त्याने बूच सोडवलं. नियमाप्रमाणे आतलं पाणी जायला हवं होतं. आत पाणी नव्हतंच. त्याने बूच पँटला पुसून खिशात टाकलं.

सपाट जागेवर आल्यावर त्याने गाडीपासून ट्रेलर सोडवला आणि त्याचा पुढचा दांडा उचलून पाहिला. दोन बोटांवर उचलला गेला. म्हणजे भार सगळा मागे. असा ट्रेलर गावातल्या गावात गरीब गाईसारखा चालतो. वेग घेतला की शेपूट हलवू लागतो आणि मग गाडीलाच हलवतो. विंचचा खांब वीतभर मागे लावलेला होता. हे बघायला कोणी जाणार नव्हतं. वाटेतलं वळण तेच होतं, होडी पडली ते. एका शब्दाची गरज नव्हती. नुसतं गप्प बसायचं, आणि बर्फ नाही, कासव नाही, हॉलच्या मधोमध बारा फुटांची मोकळी जागा.

मिस्त्री दांडा धरून उभा राहिला. गाडीत पुढच्या सीटवर धाकट्याची बायको आरशात बघून केस नीट करत होती.

“सतरा नंबरचा पाना आण,” तो धाकट्यावर खेकसला. “खांब कुठल्या गाढवाने लावलाय?”

“ट्रेलरवाल्याने लावून दिलाय.”

“आणि तू लाथा मारून पाहिलास!”

खांब पुढे सरकला. होडी पुढे ओढली गेली. दांडा आता दोन्ही हातांनी, कंबर लावून उचलावा लागला. ट्रेलर पुन्हा गाडीला जोडून खालच्या साखळ्या त्याने एकमेकींवरून फुली मारून अडकवल्या. मागचे दोन पट्टे मात्र त्याने हातात घेतले आणि धाकट्यासमोर धरले.

“हे तू बांध.”

धाकट्याने पट्ट्यांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. दोन्ही पट्टे त्याने ताणून बांधले, सोडले, पुन्हा बांधले. दुसऱ्या वेळी त्याचे कान लाल झाले होते.

“पाच किलोमीटरवर थांबायचं,” मिस्त्री म्हणाला. “चाकाच्या मध्यावर हात ठेवायचा. चाक तापून हात ठेववला नाही तर पुढे जायचं नाही.”

“बरं.”

“लाथ नाही. हात.”

“बरं म्हटलं ना. आणखी काही राहिलं?”

मिस्त्रीचा हात खिशात होता. “तूच बघ.”

धाकट्याने एक फेरी मारली. पट्टे पाहिले, साखळी पाहिली, मागचे दिवे लावून पाहिले. होडीच्या मागे तो थबकला, वाकला, भोकात बोट घातलं. मिस्त्रीने खिशातलं बूच मुठीत धरलं.

“हे असू दे असंच,” धाकटा म्हणाला. “बर्फाचं पाणी जायला बरं पडेल.”

गाडी गेली. चहा कट्ट्यावर गार झाला होता. मिस्त्रीने तो तसाच प्यायला. थोड्या वेळाने फोन वाजला.

“दादा, हात लावला. गार आहे.”

“दोन्ही चाकांना?”

“दोन्ही.”

“मग जा.”

बायको कप उचलत होती. “बूच द्यायचं राहिलं वाटतं.”

“मागितलं नाही त्याने.”

“मागितलं असतं तर दिलं असतंत?”

“नसतं दिलं,” मिस्त्री म्हणाला. “पण मागायला हवं होतं.”

तो शेडमध्ये गेला. तिथे आता खूपच जागा झाली होती. दारातली दुसऱ्या कोणाची तरी होडी त्याने आत ओढली. तिला खडकाचा मार लागला होता. मालकाच्या मते फक्त खरचटलं होतं. ठोकून पाहायला त्याने खिशात नाण्यासाठी हात घातला, आणि हातात जे आलं त्यानेच ठोकायला सुरुवात केली. टण. टण. टण. भद्द.

त्याने कानामागची पेन्सिल काढली आणि तिथे गोल केला.