ब्यॉन साहेबांकडे पाना कोण मागणार?

ब्यॉन सांग्यूनं बावीस वर्षं बँकेत लोकांचे कर्जाचे अर्ज तपासले होते. आकड्यांत आपल्याला कोणी फसवू शकत नाही, असा त्याचा ठाम समज होता. मंदीत बँकच बुडाली, तरी आकडे वरच्यांचे चुकले, आपले नव्हेत, असं तो बायकोला महिनाभर ऐकवत राहिला. आता एकोणपन्नासाव्या वर्षी तो कोरियातल्या चॉन्जू शहराच्या बस स्टँडमागच्या मोटार दुरुस्ती शाळेत, संचालक मेंगच्या समोर बसला होता. कॅल्क्युलेटर त्यानं घरून आणला होता.

"सहा महिने, अठरा लाख वॉन," मेंग म्हणाला. "साहेब, नवी गाडी घ्यायला आज कोणाकडे पैसे आहेत? लोक जुन्याच गाड्या ठोकून ठाकून चालवतायत. आमचा धंदा मंदीतच फुलतो. सरकारी प्रमाणपत्र हातात आलं की काम तुमचंच."

"सुरुवातीला पगार किती?"

"महिन्याला सात लाख. दोन वर्षांत बारा."

सांग्यूनं बटणं दाबली. फी, सहा महिन्यांचा घरखर्च, पाने, कामाचे कपडे, सगळं धरलं. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी पैसे वसूल होत होते, आणि पुढे साठीपर्यंत निव्वळ कमाई. त्यानं तोच हिशेब दोनदा करून पाहिला.

"आणि माझं वय?"

"वयाचं काय घेऊन बसलात, साहेब? वयाला आपल्याकडे मान आहे."

मेंग नंबरी माणूस होता, पण हे वाक्य काही खोटं नव्हतं. त्याच्या बाजूनं एवढं सांगायलाच हवं.

घरी त्याच्या बायकोनं, सुनिमनं, दुसरंच काहीतरी योजलं होतं. बाजाराच्या तोंडाशी एक गाळा रिकामा होता. तिथे किमची, तळलेली सुकी मासळी, सोयाबीनच्या सॉसमध्ये मुरवलेली पानं असं तोंडीलावणं विकायचं, असं तिच्या मनात होतं. पण गाळ्याची अनामत भरायला घरात होते ते तेवढेच पैसे.

"अहो, एकदा गाळा बघून तरी या."

"तुला हिशेब कळत नाही."

"नसेल कळत. पण लोकांना रोज भूक लागते, एवढं कळतं मला."

पैसे शाळेत भरले गेले आणि सुनिम एका खानावळीत भांडी घासायला लागली.

वर्गात चोवीस पोरं होती, बहुतेक नुकतीच लष्करातली सक्तीची वर्षं संपवून आलेली. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात, तसा सांग्यू लेखी परीक्षेत पहिला यायचा. पोरं त्याला 'साहेब' म्हणायची, तो आला की उठून उभी राहायची. तो जॅक उचलायला वाकला की दोघं धावायची. "साहेब, राहू द्या, कपडे खराब होतील." गिअरबॉक्स उतरवायचा असला की त्याला स्टूल मिळायचं आणि हातात कॉफी. त्याच्या वाटणीचे आवळलेले नट योंग्मिन नावाचा सव्वीस वर्षांचा पोरगा सोडवायचा. योंग्मिन गरीब घरचा आणि फार चांगल्या वळणाचा होता. सांग्यूला या सगळ्याचं भारी कौतुक वाटे.

"पोरं मला कशाला हातच लावू देत नाहीत," तो जेवताना सांगायचा.

सुनिमचे हात साबणाच्या पाण्यानं चिरले होते. "मग शिकताय काय?" ती म्हणाली, आणि तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही.

परीक्षेत तो पहिल्याच फटक्यात पास झाला. प्रात्यक्षिकात परीक्षकानं त्याचे पांढरे केस पाहिले, वडीलधाऱ्यांकडून घेतात तसा दोन्ही हातांनी त्याचा अर्ज घेतला आणि त्याला सगळ्यात सोपी गाडी दिली.

मग तो गॅरेजं पालथी घालायला निघाला. कुठेही गेला तरी सगळे हातातलं काम टाकून उभे राहायचे, खुर्ची पुसून द्यायचे. शेवटी एका मालकानं कळवळून सांगितलं, "साहेब, आमचा हेड मिस्त्री अठ्ठावीसचा आहे. त्यानं तुम्हाला 'चल, गाडीखाली सरक' असं म्हणायचं कसं? आणि नाही म्हणाला, तर काम व्हायचं कसं?" एवढं बोलून तो मालक रस्त्यापर्यंत सोडायला आला आणि कमरेत वाकला. अकरा गॅरेजं झाली. सांग्यूच्या पोटात अकरा कॉफ्या गेल्या, काम एकही मिळालं नाही.

अडला हरी, गाढवाचे पाय धरी. योंग्मिन आता क्वाकशेठच्या गॅरेजमध्ये होता, तीन महिन्यांत दुय्यम मिस्त्री झाला होता. सांग्यूनं त्यालाच गाठलं आणि योंग्मिननं त्याला शेठपुढे नेलं. क्वाक साठीचा, तोंडानं फटकळ.

"कामाचं मी विचारत नाही," क्वाक म्हणाला. "हा पोरगा वर आणि तुम्ही खाली. चालेल?"

"चालेल. सगळ्यात धाकटा समजा मला."

"बघू. योंग्मिन, सांग याला बारा नंबरचा पाना आणायला. परवा त्या नव्या पोराला सांगत होतास ना, तस्संच."

योंग्मिन कानापर्यंत लाल झाला. "साहेब... तेवढा बारा नंबरचा पाना... म्हणजे जमलं तर..."

गॅरेजमधले चौघंही खाली बघायला लागले.

"असं नाही रे!" सांग्यूच ओरडला. त्याला ही नोकरी हवी होती, आता दुसरं दार उरलं नव्हतं. "शिवी घाल. म्हण, ए म्हाताऱ्या, पाना आण! म्हण ना, पाया पडतो तुझ्या!"

"ए..." योंग्मिनच्या डोळ्यांत पाणी आलं. "पाना आण."

सांग्यू पळत गेला, पळत आला आणि पाना पुढे धरला. पाना चौदाचा होता. सहा महिन्यांत त्यानं स्वतः कधी पाना निवडलाच नव्हता.

"डोळे फुटले का तुझे? बारा मागितला ना!" सवयीनं योंग्मिनच्या तोंडून निघून गेलं.

योंग्मिननं स्वतःचंच तोंड दाबलं. क्वाक मात्र पोट धरून हसला. "जमलं की! उद्यापासून या."

पहिल्या दिवशी संध्याकाळी नव्या माणसाच्या स्वागताचं जेवण होतं. रीतीप्रमाणे धाकटा दाराशी बसतो, म्हणून सांग्यू दाराशी बसला. त्यानं डुकराचं मांस भाजलं, कात्रीनं कापलं, सगळ्यांना वाढलं. मग दोन्ही हातांनी बाटली धरून योंग्मिनचा पेला सोजूनं भरला. स्वतः प्यायची वेळ आली तेव्हा, मुलगा बापासमोर पिताना करतो तशी, त्यानं मान बाजूला वळवली आणि पेला तळहाताआड धरून रिकामा केला. आपण फार नीट वागतोय असं त्याला वाटत होतं. योंग्मिननं पेला तसाच खाली ठेवला. बाकीच्यांच्या जेवायच्या काड्या थांबल्या. तव्यावरचं मांस जळायला लागलं तरी कोणी उचलेना. एकटा क्वाक जेवत होता, आणि जेवता जेवता सगळ्यांकडे बघत होता.

सकाळी त्यानं सांग्यूच्या हातात एका दिवसाच्या पगाराचं पाकीट ठेवलं. "काल कोणाच्या घशाखाली घास उतरला नाही. योंग्मिन म्हणतो, एक तर ते नाहीतर मी. मला तो हवाय."

"मी तक्रार केली का?"

"केली असतीत तर ठेवलं असतं."

"शेठ, माझं चुकलं काय?"

"तुम्ही आधी जन्मलात, साहेब."

योंग्मिननं दार उघडून धरलं होतं. तो कमरेत पुरता वाकला. "साहेब, जपून जा." सांग्यू वळणापर्यंत पोचला तरी तो वर उठला नाही.

चार दिवसांनी मेंगचा फोन आला. एकोणपन्नासाव्या वर्षी पहिल्या फटक्यात पास झालेला माणूस त्याला वाया घालवायचा नव्हता. त्यानं सांग्यूला शाळेत टेबल दिलं, नावाची पाटी दिली, मागे भिंतीवर प्रमाणपत्र चौकटीत लावलं आणि दर प्रवेशामागे टक्केवारी ठरवली. पहिल्याच आठवड्यात गिरणीतून काढलेला बावन्न वर्षांचा माणूस बायकोला घेऊन आला. सांग्यूनं दोघांना कॉफी दिली, कॅल्क्युलेटर पुढे ओढला. फी, घरखर्च, पाने, कपडे. वयाचा प्रश्न निघाला तेव्हा तो जराही अडखळला नाही.

त्या संध्याकाळी जेवायला बसल्यावर त्यानं सुनिमला हे सांगितलं. बऱ्याच दिवसांनी त्याचा आवाज मोकळा होता.

"भरले त्यानं पैसे?" सुनिमनं विचारलं.

"सगळे. रोख."

"आणि त्याची बायको काय म्हणाली?"

"ती काय म्हणणार? नूडल्सचं दुकान काढायचं म्हणत होती. तिला हिशेब कळत नव्हता."

सुनिमनं त्याची वाटी रश्शानं भरली. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. या काळात ती त्याच्याशी भांडली होती, रडली होती, दोनदा माहेरी निघून गेली होती. आज यातलं तिनं काहीच केलं नाही. रश्शाची वाटी तिनं चिरलेल्या दोन्ही हातांत धरली, मान लववली आणि वाटी त्याच्यापुढे ठेवली.

"जेवा, साहेब," ती म्हणाली.