अठ्ठ्याऐंशी गुण

अप्पांनी चाळीस वर्षं परीक्षेचे पेपर तपासले. मागून सगळे त्यांना ‘लाल पेन’ म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं, आवडतही होतं. निवृत्तीनंतर तपासायला पेपर उरले नाहीत, तेव्हा त्यांनी घरातली माणसं तपासायला घेतली. आई होती तोवर तिच्या आमटीला गुण मिळायचे. ती सुटली आणि सगळं धाकटीच्या वाट्याला आलं.

धाकटी म्हणजे चांगली चव्वेचाळीस वर्षांची बाई. अकरा वर्षांपूर्वी अप्पा जिन्यात पडले, तेव्हा महिन्याभरासाठी म्हणून नोकरी सोडून आली ती इथेच रुतली. राहतं घर अप्पांनी केव्हाच दादाच्या नावावर करून टाकलं होतं. दादा लांब राहायचा, रविवारी फोन करायचा आणि तब्येतीची चौकशी उरकली की घरांचे भाव सांगायचा. अप्पांच्या मागे तो घर विकणार आणि आपल्या हातात बॅग देणार, हे धाकटीला लख्ख दिसत होतं. राहता राहिली अप्पांची बचत. ती मिळाली तर कुठेतरी एक खोली, नाहीतर रस्ता.

अशात कोपऱ्यावरची बँकेची शाखा बंद झाली. पैसे हलवणं भाग होतं, आणि जो तो शाखाच नसलेल्या, फोनवर चालणाऱ्या बँकांचं कौतुक सांगत होता. अप्पांना आयती संधी मिळाली. दादाचा फोन स्पीकरवर टाकून त्यांनी जाहीर केलं, की बचत खातं कोणत्या बँकेत उघडावं यावर दोघांनी सकारण उत्तर द्यायचं. गुण शंभर, मुदत आठ दिवस. ज्याला गुण जास्त, त्याची बँक आणि नॉमिनी म्हणूनही त्याचंच नाव. दादा हसला. धाकटी हसली नाही.

तिने कंबर कसली. सहा बँकांच्या अटी बारीक अक्षरांसकट वाचून काढल्या. एकीचं घसघशीत व्याज तीनच महिन्यांचं निघालं, पुढे निम्म्यावर येणारं. दुसरी शिल्लक जरा कमी झाली की दंड कापायची. प्रत्येकीच्या मदत क्रमांकावर तिने घड्याळ लावून फोन केले, आणि एकीने तिला चाळीस मिनिटं नुसतं संगीत ऐकवलं. शेवटी एक बँक सापडली. व्याज थोडं कमी, पण ओळख पटवायच्या व्हिडिओ कॉलवर तिथली माणसं प्रश्न मोठ्या अक्षरांत पडद्यावर लिहायची. अप्पांना ऐकू कमी यायचं. तिने अकरा पानं लिहिली, समास सोडून, मुद्दे अधोरेखित करून. दादाने एका वाक्याचा निरोप पाठवला, की व्याज जास्त असेल तिथे टाका.

अप्पांनी दोन दिवस तपासलं. दादाला बावीस. धाकटीला अठ्ठ्याऐंशी.

उभ्या जन्मात त्यांनी तिला साठाच्या वर जाऊ दिलं नव्हतं. ती न्हाणीघरात गेली आणि नळ मोठा सोडून रडली. बाहेर आल्यावर भाड्याच्या खोल्यांच्या जाहिराती पाहायचा चोरटेपणाही करून झाला. एक बरी होती, तळमजल्यावरची, स्वतंत्र ओटा असलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साखरेच्या डब्याला फोन टेकवून ती अर्ज भरायला बसली. नाव, जन्मतारीख, पत्ता. नॉमिनीचा रकाना आला आणि तिने स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर उमटवलं.

‘‘नॉमिनी आला का? दादाचं घाल,’’ अप्पा म्हणाले.

ऐकण्यात चूक झाली असेल असं तिला वाटलं. ‘‘अप्पा, तुम्हीच म्हणाला होतात, ज्याला गुण जास्त...’’

‘‘म्हणालो होतो. बक्षीस लावलं नसतं तर एवढा अभ्यास केला असतास का?’’

ते चिडले नव्हते. कच्च्या विद्यार्थ्याला गणित सोडवून दाखवावं तितक्या शांतपणे त्यांनी समजावलं. ‘‘हे बघ. पैसे तुला मिळणार असते, तर एखाद्या वाईट दिवशी तुझ्या मनात आलं असतं की म्हातारा सुटला तर बरं. दादाच्या मनात येतच असेल, पण तो लांब आहे. माझी औषधं तुझ्या हातात आहेत. आता कसं, मी आहे तोवर तुला छप्पर आहे. तू मला जपशील.’’

तिने फोनच्या पडद्याकडे पाहिलं. इतकी बारीक अक्षरं त्यांना दिसत नव्हती. ती काहीही लिहू शकली असती.

‘‘आणि मला दिसत नाही म्हणून भलतंच लिहिशील, तर तेही तू करणार नाहीस,’’ अप्पा म्हणाले. ‘‘कॉपी करायची छाती तुला शाळेतही झाली नाही.’’

तिने स्वतःचं अक्षर पुसलं, दादाचं पूर्ण नाव लिहिलं आणि सवयीने एकदा तपासूनही पाहिलं. त्या क्षणी तिला अप्पांचा राग आला त्याहून जास्त स्वतःचा आला.

मग पडद्यावर एक तरुण अधिकारी आली. हे खातं आपण स्वखुशीने उघडत आहात का, असं मोठ्या अक्षरांत उमटलं. अप्पांनी ते खणखणीत वाचलं, होकार दिला आणि बँक मुलीने निवडली, हुशार आहे, असं आपणहून सांगितलं. अधिकारी कौतुकाने हसली. पाच मिनिटांत खातं उघडलं.

फोन बंद होतो न होतो तोच अप्पांना खोकला आला, एकदा, मग पुन्हा. धाकटी ताडकन उठली. तिने त्यांच्या मागची खिडकी लावली, शाल आणली, कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. तिचा जीव भांड्यात पडला, आणि तो कशापायी पडला हे कळताच तिला स्वतःची किळस आली.

तरी तिने थर्मामीटर आणून पुन्हा एकदा पाहिलं.