मृदंगाच्या पोटातली करणी

या, असे पुढे सरकून बसा. भिंतीला टेकलेल्या मंडळींनीही जवळ या, जागा पुष्कळ आहे. कीर्तनात बुवा उत्तररंगाला आख्यान लावतात ना, तसंच एक आख्यान आज सांगतो. फक्त यातला राक्षस आभाळातून उतरत नाही, पांढऱ्या गाडीतून येतो, आणि लोक हार घेऊन त्याची वाट बघत उभे असतात.

देवळाली प्रवऱ्याच्या पलीकडं, उसात दडलेली एक वस्ती. गुरुवारची दिवेलागण. गोरक्षनाथाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. गोरक्षनाथ म्हणजे आमच्या भागातला नावाजलेला मृदंगवाला. कुठंही कीर्तन उभं राहिलं की बुवा आधी विचारणार, "गोरक्षनाथ येतोय ना?" त्याची एकुलती एक लेक संस्कृती अंगणाच्या मधोमध घोंगडीखाली पडली होती. कॉलेजात जाणारी धडधाकट पोर, पण गेले कित्येक महिने शौचावाटे रक्त, पोटात मुरडा, जेवण अंगी लागत नव्हतं. वाळून काडी झाली होती.

तिच्या उशाशी बसला होता छगनबाबा, शिंगवाला. हातात म्हशीचं काळंभोर शिंग. परातीशेजारी दिवा धरून त्याचा चेला, कानात बाळी घातलेला.

"पोरीचं तोंड झाका! करणीनं उजेड बघितला की ती काळजात पळती," बाबा गरजला. "आण तुला सात डोहांची, आण तुला उंबराच्या मुळीची! आतड्यात बसलीस, शिंगात ये! रगत पिलीस, रगत वक!"

शिंगाचं रुंद तोंड पोटावर टेकवून निमुळत्या टोकानं त्यानं असं जोरात ओढलं, की गालफडं आत गेली. मग शिंग परातीत उपडं केलं. लाल पाणी सांडलं, आणि त्यात पिकल्या केसांचा एक गोळा.

अंगणभर "अगं बया!" उठलं. बायकांनी पदर तोंडात कोंबले.

"खाण्यातून घातलीय," बाबा म्हणाला. "घरातल्याच बाईनं. जिच्या हातचं पोरगी खाती, तिचे हे केस हाईत. बघा जुळवून."

जुळवून बघायला कितीसा वेळ? घरात पिकल्या केसांची एकच बाई होती. रतनबाई. गोरक्षनाथाच्या थोरल्या भावाची विधवा. संस्कृतीला तिनंच न्हाऊमाखू घातलं, भरवलं. पोर तिला मोठीआई म्हणायची. भजनी मंडळात टाळ वाजवायची ती, आणि टाळ असा की मृदंगानं तिच्या मागं यावं.

कुणीतरी तिचा आंबाडा धरून तिला परातीपाशी ओढत आणलं. केसाला केस लावला. हुबेहूब तोच.

"भावजी, इठ्ठलाची शप्पत..." एवढंच ती बोलली.

ज्या हातानं आयुष्यभर मृदंगावर थाप टाकली, त्या हाताची पहिली थप्पड रतनबाईच्या तोंडावर बसली. दात आणि रक्त एकदमच बाहेर आलं. एकानं मारलं की बाकीच्यांना परवानगी लागत नाही. लाथा सुरू झाल्या. चरकाशी पडलेली उसाची टिपरी लोकांच्या हातात आली. डोकं वाचवायला तिनं उजवा हात वर केला, तर टिपऱ्याखाली कोपर मोडल्याचा आवाज अंगणाबाहेर गेला. "थुंक! पोरीवर घातलेलं थुंक!" असं ओरडत शेजारच्या आसारामनं तिच्या पाठीवर पाय दिला. ती रक्त थुंकली, आणि लोकांना तोसुद्धा पुरावाच वाटला.

ती निपचित पडली तेव्हा कुठं हात थांबले. बाबा मात्र थांबला नव्हता. त्यानं सळई तापवून संस्कृतीच्या बेंबीच्या दोन्ही अंगांना डाग दिले. किंकाळी उसातून घुमली. "विंग्रजी गोळ्या आजपासून बंद," जाताना बाबानं बजावलं. "दुसरी गाठ राहिलीय. पुढल्या गुरुवारी काढू."

खरं सांगायचं तर दोन दिवस पोरीला बरं वाटलं. वस्तीवर पेढे वाटले. तिसऱ्या दिवशी रक्ताचं थारोळं, अंगात फणफणता ताप, पोट फुगून घट्ट. गोरक्षनाथाच्या बायकोनं, पुष्पावतीनं, बाबाला फोन लावायला घेतला, तेव्हा संस्कृतीच कण्हत म्हणाली, "आई, बाबा नको. डॉक्टर."

नगरच्या दवाखान्यात डॉक्टर नीलांबरीताईंनी पोटावरचे डाग बघितले आणि गोरक्षनाथाकडं अशा नजरेनं बघितलं, की त्यानं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

"सूज उतरवायच्या गोळ्या एकदम बंद केल्या? कुणाला विचारून?"

"बाबांनी सांगितलं. करणी हुती, ताई. दोन दिवस लई फरक पडला हुता."

"हा आजार मुळात भरती-ओहोटीचाच आहे. कधी आपण होऊन उतरतो, कधी भडकतो. त्यात आधीच्या गोळ्यांचा असर अंगात होता. त्या उताराचं श्रेय बाबानं घेतलं." मग त्यांनी विचारलं, "काय काम करता?"

"मृदंग वाजवतो. कीर्तनात."

"मग तुम्हाला लवकर कळेल. कीर्तनात टाळकरी कसे खांद्याला खांदा लावून उभे असतात? आतड्याच्या आतून पेशींची तशीच रांग असते. एकच रांग, मागं दुसरी नाही. हातात हात घट्ट धरलेले. अन्न आत घ्यायचं, जंतू बाहेर ठेवायचे. त्यांतल्याच काही पेशी वर चिकट थर पसरतात, म्हणजे जंतू अंगाला भिडत नाहीत. थोड्या दिवसांनी थकलेले गळतात, नवे उभे राहतात. या आजारात त्यांचे हात सुटतात, चिकट थर विरळ होतो. फटीतून जंतू शिरतात, आणि रांगेतल्याच पेशी ओरड करतात, धावा, धावा! रक्तातले राखणदार धावून येतात. पण त्यांना थांबायचं कळत नाही. चोराला सोडून घरच्याच भिंतीला झोडपत सुटतात. जखमा होतात, रक्त येतं, त्यानं आणखी फटी पडतात. हे का सुरू होतं ते पूर्ण कुणालाच ठाऊक नाही. थोडं घराण्यातून येतं, थोडं बाहेरून. पण कुणी भाकरीतून घालून होत नाही. आमची औषधं एवढंच करतात, राखणदारांना शांत करतात, म्हणजे रांग पुन्हा उभी राहते."

घरच्याच भिंतीला झोडपत सुटतात! गोरक्षनाथाला आपलं अंगण दिसलं. त्याच दवाखान्यात खालच्या मजल्यावर प्लास्टरमध्ये हात बांधून रतनबाई पडली होती. भजनी मंडळाच्या बायकांनी तिला त्याच गुरुवारी रात्री इथं आणलं होतं. तो तिच्या खाटेपाशी जाऊन उभा राहिला. तिनं त्याच्याकडं तोंड वळवलं. मग फुटक्या ओठांनी म्हणाली, "पोरगी जगंल का?"

"डॉक्टर म्हणत्यात, जगंल. वहिनी, पर ते केस... ते तुमचेच हुते."

"व्हय, माझेच. इंचरताना निघालेली गुंतवळ साठवून केसावर भांडी देणाऱ्याला दिली हुती. टेम्पोवाल्याला, कानात बाळी हुती बघा त्याच्या. पोरीला काय झालं, सैपाक कोण करतं, समदं इचारत बसला हुता मेला. त्या केसांची वाटी मिळाली. तुमच्याच ताटात असती ती, आमटीला."

गोरक्षनाथाला एकदम आठवलं. कानात बाळी. परातीशेजारी दिवा धरून बसलेला बाबाचा चेला!

पुढल्या गुरुवारी अंगण पुन्हा गच्च भरलं. घोंगडी डोक्यापासून पायापर्यंत ओढलेली. उशाशी पुष्पावती पदर तोंडावर घेऊन कण्हत होती. बाबानं शिंग टेकवलं, हातानं दाबलं, आणि घोंगडीखालून आवाज आला. धुम्म!

लोक दचकून मागं सरले. बाबाही क्षणभर चमकला, पण असली माणसं गडबडत नाहीत.

"ऐकलं? करणी बोलली! भेदरलीय रांड! शिंगात ये, शिंगात ये!" त्यानं ओढलं, शिंग उपडं केलं. लाल पाणी. पिकल्या केसांचा गोळा. "बघा, त्याच बाईची दुसरी गाठ! ती जित्ती हाय तवर पोरगी वाचत न्हाई!"

आसारामनं टिपरं उचललं. "कुठं हाय ती? दवाखान्यातून वढून आणू!"

गोरक्षनाथानं घोंगडी ओढून फेकली.

खाली दोन उशा होत्या. आणि मधोमध, घुमारा यावा म्हणून कणीक लावलेला, त्याचा मृदंग. संस्कृती नगरच्या दवाखान्यातच होती.

"महाराज," तो म्हणाला, "माझ्या मृदंगाला कुणी काय खाऊ घातलं, तेवढं सांगा."

बाबा शिंग पाठीमागं लपवू लागला. गोरक्षनाथानं ते हिसकून दगडावर फोडलं. निमुळत्या बाजूला मेणाचा पडदा, त्यामागं फाटकी पातळ पिशवी, हळदीत चुना कालवलेलं लाल पाणी, आणि दातांत धरायचा दोरा. हिसका दिला की पडदा सुटतो, करणी पडते. चेला बाहेर उभ्या पांढऱ्या टेम्पोकडं पळाला. त्यात गुंतवळीची पोती होती, गावोगावच्या बायकांची.

आता तीच टिपरी बाबावर उठली. पहिल्याच फटक्यात त्याचा जबडा लोंबला. दुसऱ्यात कान फाटला. तिसरा बसला तो गोरक्षनाथाच्या टाळूवर, कारण तो मधे आडवा पडला होता. रक्त डोळ्यांत उतरत होतं.

"सरक, गोरक्षा! त्याला जित्ता सोडायचा न्हाई!"

"मागल्या गुरुवारी बी असंच म्हनला हुतात! मी बी म्हनलो हुतो! आता फोन लावा पोलिसांना, न्हाईतर मला मारा आधी."

जादूटोणाविरोधी कायद्याखाली बाबा आणि चेला आत गेले. मृदंग मुद्देमाल म्हणून पोलीस ठाण्याच्या कपाटात बसला. रतनबाईनं जबाब दिला, तेव्हा पहिली थप्पड कुणाची, हे विचारल्यावर ती अडखळली नाही. गोरक्षनाथ समोरच उभा होता. तिनं त्याचंच नाव सांगितलं. तो म्हणाला, "खरं हाय, साहेब," आणि पोलिसांच्या गाडीत जाऊन बसला.

मंडळी, मी देवाचा माणूस आहे. कीर्तन ऐकल्याशिवाय मला झोप गोड लागत नाही. म्हणूनच हात जोडून सांगतो, देव शिंगातून उतरत नाही आणि कुणाच्या आंबाड्याला हात घालायला सांगत नाही. पोटातून रक्त गेलं की डॉक्टर गाठा, चालू गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून सोडू नका, आणि चमत्कार दिसला तर एकदा घोंगडी उचलून बघा.

संस्कृती आता सावरली आहे. औषध चालू आहे, चालू राहील. रतनबाईचा उजवा हात मात्र कोपरात सरळ होत नाही, त्याची मूठ वळत नाही. परवा कीर्तनात दोघी शेजारी उभ्या होत्या. एक टाळ संस्कृतीच्या हातात, एक रतनबाईच्या डाव्या हातात. पोर स्थिर धरायची, मोठीआई वाजवायची. ठेका कुठं कुठं चुकत होता, पण बुवांनी हटकलं नाही.

तुमच्या गावात टाळ वाजले की, बाबांनो, त्या मोडक्या हाताच्या रतनबाईची आठवण ठेवा.