नाही म्हणायची मुभा

वरच्या मजल्यावरच्या खोल्या दोन-चार दिवसांच्या पाहुण्यांना भाड्याने द्यायची कल्पना थोरलीची. मुलं शिकून दूर गेली होती आणि खोल्या नुसत्या धूळ खात पडल्या होत्या. एका कंपनीच्या ॲपवर तिने फोटो टाकले आणि पाहुणे येऊ लागले. मोबाइल थोरलीच्या हातात. झाडलोट, चादरी, उशांचे अभ्रे, न्हाणीघर हे सगळं धाकटीकडे. धाकटी म्हणजे तिची जाऊ, त्याच घराच्या मागच्या बाजूला राहणारी. तिचा मोबदला ठरलेला होता. कुरकुर कुणाचीच नव्हती.

सुरुवातीला थोरली पाहुणे पारखून घ्यायची. एकदा गुडघे फारच धरले म्हणून तिने एकाला नकार दिला. लगेच निरोप आला : ‘आपण विनंती नाकारलीत. अशाने आपलं घर यादीत खाली जाऊ शकतं.’ आणि खरंच गेलं. आठवडाभर कुणी फिरकलं नाही. मग दुसरा निरोप : ‘आपोआप होकार सुरू करा.’ तिने केला. ॲपवर तिच्या घराच्या फोटोपुढे मानाची चांदणी लागली, आणि त्यानंतर एकाने बॅग उचलली की दुसऱ्याची दारात येऊ लागली.

“सासूबाई गेल्या आणि ही कंपनी आली,” ती एकदा वैतागून म्हणाली.

“आई निदान दुपारी झोपायची,” नवरा पेपरातून मान वर न काढता म्हणाला. तो बस डेपोतून निवृत्त झालेला. कुठल्या ड्रायव्हरला कुठली गाडी, हे ठरवण्यात त्याची उभी नोकरी गेली होती.

धाकटीच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा तिने खूप आधी सांगून ठेवलं होतं. थोरलीने ॲपवर तो दिवस बंदही केला होता. पण त्या आठवड्यात मोबाइल सारखा वाजत राहिला : मागणी जोरात आहे, तारखा खुल्या करा, आपल्या शेजारची घरं भरली आहेत. शेवटी तिने तो दिवस उघडला. चहा गार व्हायच्या आत तो भरलाही.

संध्याकाळी ती मागच्या दारी गेली. “अगं, उद्या दुपारी एक कुटुंब येतंय. सकाळचे लोक गेले की खोल्या तेवढ्या आवर, मग जा.”

“ताई, उद्या आईचं ऑपरेशन आहे.”

“माहीत आहे गं. पण मोतीबिंदूच ना तो, हां हां म्हणता काढतात. तोवर शेजारीण जाईल की त्यांच्यासोबत. आता नाही म्हटलं तर चांदणी जाते बघ माझी.”

धाकटी हातातला टॉवेल घडी करत राहिली. मग म्हणाली, “बरं.”

दुसऱ्या दिवशी सकाळचे पाहुणे गेले, धाकटी बादली घेऊन वर चढली, आणि थोड्याच वेळात मोबाइल वाजला. येणाऱ्या कुटुंबाचा बेत बदलला होता. त्यांनी बुकिंग रद्द केलं होतं. निरोपाखाली एक हसरा चेहराही होता.

गुडघे धरत थोरली जिना चढली. धाकटी गादीवर चादर ताणत होती.

“राहू दे गं. येत नाहीयेत ते. तू निघ आता.”

धाकटीने घड्याळाकडे पाहिलं. “मी पोचेपर्यंत आईला आत नेलेलं असेल.”

“काय करू मी तरी? ही कंपनी मला नाही म्हणूच देत नाही.”

“मला तरी कोण म्हणू देतं, ताई?” धाकटी म्हणाली. आवाज चढला नव्हता. तिने चादरीचं टोक गादीखाली खोचलं आणि बादली उचलली.

थोरली खाली आली. नवऱ्याने विचारलं तेव्हा सगळं सांगितलं, वर म्हणाली, “मी काय मुद्दाम केलं का? माझ्यावरच किती दाब आहे!”

“दाब आहे, खरं आहे,” त्याने पेपर बाजूला ठेवला. “डेपोत माझ्यावरही असायचा. वरून फोन यायचे, गाडी सुटलीच पाहिजे. पण रात्रपाळी करून आलेल्याला मी सकाळची गाडी कधी दिली नाही. बोलणी मी खायचो. बोलणी खाऊन माणूस मरत नाही. कंपनीला नाही म्हणताना तुझी चांदणी जाते. तुला नाही म्हणायचं तर तिचं काय काय जातं, विचार केलास कधी?”

थोरली उठली. “टॅक्सी बोलवा. मीही जाते तिच्याबरोबर.”

त्या पोचल्या तेव्हा धाकटीची आई डोळ्यावर पट्टी घेऊन बाकावर बसली होती. ऑपरेशन छान झालं होतं. लेकीचा हात चाचपत ती म्हणाली, “नर्सला म्हटलं, जरा थांबा, मुलगी येतेच आहे. थांबल्या गं बिचाऱ्या. पण मागे रांग होती.” मग दुसरी चाहूल लागली तशी म्हणाली, “थोरल्या जाऊबाई का? तुम्ही कशाला धावपळ केलीत? पाहुणे असतील ना तुमच्याकडे.”

त्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर थोरलीला सोसला असता.

घरी आल्यावर तिने आपोआप होकार बंद केला. दोन पाहुण्यांमध्ये एक दिवस मोकळा ठेवला. ॲप धाकटीच्याही मोबाइलवर घातलं आणि सांगितलं, “पाहुण्याची विनंती आली की आधी तू बघ. तू हो म्हटलंस तरच घ्यायचा. कारण सांगायची गरज नाही.” चांदणी गेली. पाहुणे कमी झाले, दोघींच्या हाती पैसाही कमी येऊ लागला, पण भागत होतं.

खरी परीक्षा पुढेच होती. एके दिवशी आठवडाभराच्या मोठ्या बुकिंगची विनंती आली. थोरली हरखून मागच्या दारी गेली.

“नको, ताई,” धाकटी म्हणाली.

“का गं? कुणी आजारी आहे का?”

“नाही. या आठवड्यात नुसतं बसावंसं वाटतंय.”

थोरलीच्या ओठांवर आलं होतं : नुसतं बसण्यासाठी? तिने ते गिळलं, तिच्यासमोरच नकार पाठवला आणि म्हणाली, “मग सरक जरा. मीही बसते.”

मंडळी, वरून येणारा दाब आपल्यापैकी कुणालाच चुकलेला नाही. कुणाला साहेबाचा, कुणाला गिऱ्हाइकाचा, कुणाला हातातल्या मोबाइलचा. तो दूर करणं दर वेळी जमत नाही. पण तो आपल्याहून दुबळ्याच्या खांद्यावर सरकवायचा नाही, एवढं तर आपल्या हातात आहे. ज्याला आपल्यासमोर नाही म्हणता येत नाही, त्याच्या होकाराला होकार समजू नये.