राजाची दुसरी उडी

“जुड्या बांधून राह्यली का घोडे नाचवून राह्यली, काई समजत नाही बाई.”

मनकर्णाबाई हे सुनेला म्हणाल्या नाहीत. समोरच्या सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, ढिगाला म्हणाल्या. सून हातभरावरच बसली होती, ही गोष्ट वेगळी.

छायाने मान वर केली नाही. हात जुड्या बांधत होते आणि गुडघ्यापाशी, तांब्याला टेकवलेल्या फोनवर, बुद्धिबळाचं कोडं होतं. ओल्या बोटांना फोन ओळख देत नाही, म्हणून उजवी करंगळी तेवढी तिने कोरडी ठेवली होती. दिवसाला पाच कोडी फुकट मिळत. ती पाच, आणि दुपारी लाईन जाऊन मोटर बंद पडली की बांधावरची दहा मिनिटं. अभ्यास एवढाच, वय त्रेचाळीस.

देऊळघाटात भाजीपाला पिकवणाऱ्या बाईने या भानगडीत पडायचं काही कारण नव्हतं. कारण होतं सासऱ्याचं. शालिग्राममामाजींचा खेळातला जोडीदार दोन-अडीच वर्षांमागे लेकाकडे पुण्याला राहायला गेला, तेव्हापासून मामाजी संध्याकाळी ओसरीत पट मांडून एकटेच दोन्ही बाजूंनी खेळत आणि हरले की स्वतःवरच चिडत. तिला ते पाहवेना. एक दिवस ती समोर जाऊन बसली.

पहिल्याच डावात तिने फोनवर पाहिल्याप्रमाणे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवले. मामाजी खोकला लागेस्तोवर हसले.

“हे कोण्या गावचं वं?”

त्यांचा डाव देशी. प्यादं एका वेळी एकच घर चालणार. आणि राजाला, शह बसायच्या आधी, अख्ख्या डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी. एकदाच. म्हणजे फोनवर शिकलेलं निम्मं तिला ओसरीत येऊन विसरावं लागे. तरी ती बसत राहिली. एकदा मामाजींना सरळ मात द्यायची, एवढं एकच तिने मनात धरलं होतं. दोन वर्षं ती रोज हरली. मामाजी सून म्हणून सोडणाऱ्यांतले नव्हते.

मग पोळा झाला आणि ती जिंकायला लागली. आधी एक डाव, मग आठवड्याला दोन.

भागवतने, तिच्या नवऱ्याने, बुलढाण्याच्या बाजारात भाजीवाल्यांना सांगितलं, “आमच्या घरी मास्तरीण तयार झाली.” मनकर्णाबाईही म्हणाल्या, “कोड्यायनं डोकं चालाले लागलं बाई.” कौतुक सगळ्यांनीच केलं, पण जरा घाईघाईने, ताटात पडलेला केस आपणच उचलून टाकावा तसं.

शिकण्याचा तोटा हा की दिसायला लागतं. दोन वर्षांपूर्वी तिला मामाजींची चूक चूक म्हणून कळलीही नसती. आता कळत होतं, की त्यांचा वजीर उघडा पडलाय आणि ते तिकडे बघतच नाहीत. गुरुवारी त्यांनी तिचाच उंट उचलला आणि कितीतरी वेळ हातात धरून ठेवला. सकाळी भिजवलेल्या वाफ्याला त्यांनी दुपारी पुन्हा पाणी सोडलं, तेव्हा भागवत म्हणाला, “ऊन लागलं असन.” मनकर्णाबाई म्हणाल्या, “रातच्याला झोप नाही त्यायले.” घरात शब्दांना तोटा नव्हता, एक सोडून.

छायाने मुद्दाम हरून पाहिलं. पण मुद्दाम हरायचं तर समोरच्याला जिंकता यायला हवं.

रविवारी शेजारचे किसनराव डाव बघायला आले. भागवत टोपल्यांवर ओलं पोतं घालत होता, मनकर्णाबाई खांबाला टेकल्या होत्या. मामाजींनी सुरुवातीलाच राजाची उडी घेऊन टाकली आणि खुशीत मिशीवरून हात फिरवला. मग हळूहळू त्यांचा एक हत्ती गेला, एक घोडा गेला. छाया थांबून थांबून खेळत होती. पुढे काय होणार ते तिला केव्हाच दिसलं होतं आणि टाळायला जागा सापडत नव्हती.

“शह,” ती म्हणाली, जवळजवळ माफी मागितल्यासारखी. राजाला जायला घर नव्हतं. मात होती.

मामाजींनी राजा उचलला आणि परत अडीच घरं नेऊन ठेवला.

“पाह्य, निसटलो.”

किसनरावांनी पटाकडे पाहिलं, मग कुंपणाकडे. “भाऊ, यंदा तुमच्या मेथीले काई रोग नाही,” ते म्हणाले. भागवत नीट पसरलेलं पोतं पुन्हा पसरायला लागला.

मामाजींचं बोट राजावरून निघालं नाही.

“उडी मारली होती काय वं म्या पह्यले?”

“नाही, मामाजी.”

“नाही?”

“नाही मारली. बरोबर हाये तुमची चाल.”

तिने खाली पाहून आपलं एक प्यादं उगीचच पुढे सरकवलं. मामाजी पटाकडे बघत नव्हते, तिच्याकडे बघत होते.

“मांगच्या साली म्या चुकून प्यादं दोन घरं सरकवलं, तं तू माहा हात धरला होता,” ते म्हणाले. “चहा थंडा होईपर्यंत भांडली माह्याशी.”

“आता खेळा ना,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “काय लावलं.”

“थांब तू.” मामाजींनी राजा पटावर आडवा केला, अलगद, झोपलेल्याला कूस बदलून द्यावी तसा. “मी विसरून राह्यलो, छाया. हा डावच नाही, सगळंच. तुमाले समद्यायले माहीत हाये आन् मले बी माहीत हाये. आज सकाळी चहा मांगाचा होता, तं तुहं नाव याद येईना. किती येळ तसाच बसून होतो.”